मोठ्या आतड्याचा कॅन्सर : शौर्यापेक्षा टेहळणी महत्त्वाची



या व्याख्यानमालेचे श्रोते इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली असे देशभर पसरलेले आहेत आणि त्यांतले बरेचजण माझ्याच वयाचे आहेत, असं संयोजकांनी मला सांगितलं. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम निवडला. घरात चार माणसं बसली असताना हा विषय कुणी काढत नाही. शौचावाटे जाणारं रक्त, मोठं आतडं आणि त्यात होणारा कॅन्सर, यावर आज बोलायचं आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. ३४ वर्षं सैन्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर देहरादूनला स्थायिक झालो. पाच वर्षांपूर्वी, वयाच्या ६१व्या वर्षी, मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमोथेरपी झाली, आज मी तुमच्यासमोर बसलो आहे. त्या काळात डॉक्टरांना विचारून आणि स्वतः वाचून जे समजलं, ते साध्या भाषेत मांडतो. हे ऐकून कुणी स्वतःचं निदान करू नये. पण डॉक्टरांकडे जाताना काय विचारायचं, ते तुम्हाला कळलं तरी माझं काम झालं.

लोक मला म्हणतात, "कर्नलसाहेब, तुम्ही फौजी माणूस. म्हणून कॅन्सरशी लढलात आणि जिंकलात." त्यांचा हेतू चांगला असतो, पण हे खरं नाही. मी लढलो नाही. मला भूल दिलेली होती, काम सर्जनने केलं. माझ्यापेक्षा कितीतरी शूर माणूस याच रोगाने गेलेला मी पाहिला आहे. त्याच्यात आणि माझ्यात फरक धैर्याचा नव्हता, रोग कोणत्या टप्प्यावर सापडला याचा होता. सैन्यात या कामाला टेहळणी म्हणतात. समोरचा येण्याआधी तो कुठे आहे हे पाहून ठेवायचं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी टेहळणी जितकी उपयोगी पडते, तितकी फार थोड्या कॅन्सरसाठी पडते. कारण हा रोग फार सावकाश येतो.

रोग येतो कसा

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. अन्न मुख्यतः तिथे पचतं. त्यापुढचं मोठं आतडं सुमारे दीड मीटरचं. पोटाच्या उजव्या बाजूला खाली, अपेंडिक्सपाशी ते सुरू होतं. तिथून वर यकृतापर्यंत जातं, मग आडवं डावीकडे वळतं, डाव्या बाजूने खाली उतरतं आणि शेवटी एक वळण घेऊन गुदाशयाला मिळतं. उरलेल्या चोथ्यातलं पाणी शोषून घेणं हे त्याचं मुख्य काम. त्यामुळे उजव्या बाजूला मळ पातळ असतो आणि डाव्या बाजूला येईपर्यंत घट्ट होतो. एवढं ध्यानात ठेवा, लक्षणं समजायला ते लागणार आहे.

आतड्याच्या आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं. जुन्या पेशी गळतात, नव्या तयार होतात. आयुष्यभर एवढ्या नकला काढताना कधी तरी नक्कल चुकते आणि अस्तरावर एक छोटा कोंब उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिपचा कॅन्सर होत नाही. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर सुरू होतात ते पॉलिपमधूनच. १९९० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी हा प्रवास जनुकांच्या पातळीवर मांडला. एक बिघाड होतो, काही वर्षांनी त्यावर दुसरा, मग तिसरा. कोंबापासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण दहा वर्षं लागतात.

दहा वर्षं! एवढी आगाऊ सूचना कोणता शत्रू देतो? आणि कोंब काढून टाकला की त्या जागचा कॅन्सर होण्याआधीच संपतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी दुर्बिणीतून तारेचा फास आत नेऊन पॉलिप काढायला सुरुवात केली. त्याआधी एवढ्याशा कोंबासाठी पोट उघडावं लागे. आज हे काम सकाळी होतं आणि माणूस दुपारी घरी जाऊन वरणभात खातो.

लक्षणं : डावी बाजू, उजवी बाजू

डावीकडे मळ घट्ट असतो. तिथे गाठ वाढली की वाट अडते. म्हणून शौचाच्या सवयी बदलतात. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, पोट साफ झालं नाही असं सारखं वाटणं, मळाची धार बारीक होणं, रक्त किंवा आव पडणं. वर्षानुवर्षं सकाळी सहाला जाणारा माणूस दिवसातून चारदा जाऊ लागला आणि हे तीन-चार आठवडे टिकलं, तर ते "बाहेरचं खाल्लं" म्हणून सोडून देऊ नये.

उजव्या बाजूचा प्रकार वेगळा. तिथे आतडं रुंद आणि मळ पातळ. गाठ लिंबाएवढी झाली तरी वाट अडत नाही. रक्त थेंबाथेंबाने झिरपतं, मळात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसतच नाही. माणसाला फक्त थकवा येतो, जिना चढताना दम लागतो. माझं असंच झालं. दरवर्षीच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ आलं. आदल्या वर्षी ते १४ होतं. पोटात दुखत नव्हतं, भूक चांगली होती, शौच नियमित होतं. लोहाच्या गोळ्या घेऊन मी घरी आलो असतो. पण त्या पॉलिक्लिनिकमधल्या तरुण डॉक्टर बाईंनी रक्तातलं लोह तपासलं, ते कमी निघालं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, पुरुषाच्या शरीरातून लोह असंच कमी होत नाही. ते कुठून तरी गळतंय. कुठून, ते शोधल्याशिवाय मी नुसत्या गोळ्या देणार नाही." माझा जीव त्या एका वाक्याने वाचवला.

हे वाक्य तुम्ही पाठ करा. आणि एक गोष्ट भगिनींसाठी विशेष. आपल्या घरांत "बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं" असं गृहीत धरलेलं असतं. आई थकली की तिला खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे खायला सांगतात. जरूर खावेत. पण मासिक पाळी बंद झालेल्या स्त्रीच्या शरीरातून दर महिन्याला रक्त जात नाही. मग तिचं लोह कमी का झालं, याचं उत्तर मिळालं पाहिजे. पुरुष असो वा पाळी गेलेली स्त्री, लोह कमी असेल तर पोटाची आणि आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.

बवासीरच्या पाट्या

उत्तर भारतात रेल्वेने प्रवास करा. रुळांच्या कडेच्या भिंतींवर रंगवलेलं असतं : बवासीर का शर्तिया इलाज. आपल्याकडेही मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन, अशा पाट्या कमी नाहीत. मूळव्याध हा खरा आणि फार सर्रास आढळणारा त्रास आहे. शौचावाटे रक्त पडणाऱ्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर नसतोच. अडचण तिथेच आहे. रक्त दिसलं की रोगी स्वतःच निदान करून मोकळा होतो, दुकानदार मलम देतो आणि कारण कुणीच पाहत नाही. शिवाय एकाच माणसाला मूळव्याध आणि कॅन्सर दोन्ही असू शकतात. मोड दिसले म्हणजे वरचं आतडं ठीक आहे, असं सिद्ध होत नाही.

माझ्या युनिटमध्ये एक सुभेदार साहेब होते. साताऱ्याकडचे. १९,००० फुटांवर, हिमवादळात, अडकलेल्या दोन जवानांना दोर बांधून खाली आणलेला हा माणूस. निवृत्तीनंतर गावी शेती करत होते. एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाले, "मूळव्याधीने हैराण केलंय, सर. नऊ महिने झाले." मी विचारलं, कुणाला दाखवलं? त्यांनी तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्याचं सांगितलं. तिथे दर वेळी नवं मलम आणि चूर्ण मिळत होतं. मी विचारलं, "साहेब, त्यांनी तपासलं का?" थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या जागेचं काय दाखवायचं, सर? त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही."

नऊ महिन्यांत एकदाही कुणी त्यांना पलंगावर झोपवून तपासलं नव्हतं. त्यांची गाठ गुदाशयात होती, अगदी खाली. हातमोजा घालून बोटाने तपासलं असतं तर अर्ध्या मिनिटात लागली असती. त्या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसेही लागत नाहीत. त्याच आठवड्यात मी त्यांना पुण्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तोपर्यंत रोग यकृतात सगळीकडे पसरला होता. चौदा महिन्यांनी ते गेले. उपचारांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. कॅन्सर शौर्याने हरत असता तर सुभेदार साहेब आज असते आणि कदाचित मी नसतो.

म्हणून सांगतो, लाज ही या रोगाची सर्वांत मोठी मदतनीस आहे. अमेरिकेतही तेच होतं. जुलै १९८५मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा एक छोटा पॉलिप काढायला डॉक्टर दुर्बीण घेऊन गेले, तेव्हा आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात मोठी गाठ सापडली. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. ती गाठ कॅन्सरची होती. मोठं आतडं कुठे असतं याची चित्रं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आली. त्यानंतर रेगन जवळजवळ १९ वर्षं जगले. २००० साली केटी कुरिक या वृत्तनिवेदिकेने स्वतःची कोलोनोस्कोपी दूरचित्रवाणीवर दाखवली. तिचे पती १९९८ साली, ४२व्या वर्षी, याच रोगाने गेले होते. तो कार्यक्रम पाहून तिथे तपासणीला जाणाऱ्यांची संख्या ठळकपणे वाढली. उघडपणे बोलल्याने माणसं वाचतात.

तपासणी

जगात २०२२ साली या कॅन्सरचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. भारतात पाश्चात्त्य देशांच्या मानाने प्रमाण कमी आहे, पण आपल्याकडचे रुग्ण तुलनेने तरुण असतात आणि उशिरा येतात. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, मोठं आतडं नाही. म्हणजे तुम्हाला कुणी बोलावणार नाही. विचारायचं तुम्हीच.

सोपी चाचणी म्हणजे मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी. छोट्या डबीत नमुना द्यायचा, पथ्य नाही. ती ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठी. फिटमध्ये रक्त आढळलं तर कोलोनोस्कोपी करावीच लागते. आणि तुम्हाला लक्षणं असतील तर फिट कोरी आली म्हणून निश्चिंत होऊ नका. अमेरिकेत २०२१पासून, त्रास नसला तरी, ४५व्या वर्षी तपासणी सुरू करायला सांगतात. आपल्याकडे असा सरसकट नियम नाही, म्हणून आपलं वय आणि घरातला इतिहास सांगून डॉक्टरांचा सल्ला घ्या. रक्तातली सीईए नावाची चाचणी काही आरोग्य पॅकेजांत असते. रोग शोधण्यासाठी ती भरवशाची नाही. ती निदान झाल्यानंतर लक्ष ठेवायला उपयोगी.

आता कोलोनोस्कोपी. खरी परीक्षा आदल्या दिवशी असते. आतडं स्वच्छ हवं, नाही तर छोटा पॉलिप दिसत नाही. आधीचे दोन-तीन दिवस बिया आणि चोथा टाळायचा. पेरू, टोमॅटो, तीळ, भाकरी, पालेभाजी बंद. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक. नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, मुगाचं गाळलेलं पाणी, कोरा चहा. कोकम सरबत मात्र नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मग पावडर पाण्यात कालवून ते जुलाबाचं औषध घोटाघोटाने प्यायचं, निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं सकाळी. रात्रभर ये-जा होते. संडासाजवळची खोली घ्या. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवायच्या असतात. रक्त पातळ होण्याच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या तासाची. गुंगीचं इंजेक्शन देतात, मला तर काही आठवतही नाही. आतल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, त्यामुळे पॉलिप काढताना किंवा बायोप्सीचा तुकडा घेताना दुखत नाही. आतड्याला भोक पडण्याचा धोका आहे, पण तो हजारात एकापेक्षाही कमी. माझ्या आतड्याच्या उजव्या बाजूला चार सेंटिमीटरची गाठ होती. बायोप्सीने कॅन्सर नक्की झाला. मग छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन केला, रोग यकृतात किंवा फुप्फुसात गेला आहे का, ते पाहायला. गेला नव्हता.

उपचार आणि रिपोर्ट

ऑपरेशनमध्ये फक्त गाठ काढत नाहीत. तो भाग, त्याच्या दोन्ही बाजूंचं निरोगी आतडं आणि त्या भागाच्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या लसीका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, असा सगळा गठ्ठा एकत्र काढतात आणि उरलेली दोन टोकं जोडतात. बहुतेकदा हे दुर्बिणीने होतं. दुसऱ्या दिवशी मला चालवलं, सहाव्या दिवशी घरी सोडलं.

आठवड्याने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. पुढचा सगळा उपचार त्या कागदावर ठरतो, म्हणून तो समजून घ्या. पहिलं, गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली. दुसरं, किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या. निदान १२ ग्रंथी तपासायला हव्यात, कारण कमी तपासल्या तर बाधित ग्रंथी सुटून जाऊ शकते. माझ्या २२ तपासल्या, दोन बाधित होत्या. तिसरं, रोग दूर पसरला आहे का. यावरून टप्पे ठरतात. भिंतीतच मर्यादित असला तर पहिला, भिंतीच्या बाहेरच्या थरांत गेला तर दुसरा, ग्रंथींत गेला तर तिसरा, दूरच्या अवयवात गेला तर चौथा. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूर पसरल्यावर सापडला तर दहापैकी एक-दोन. टेहळणीचं महत्त्व याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

चौथ्या टप्प्यात मात्र आशा सोडू नये. यकृतात एक-दोनच गाठी असतील तर त्या काढता येतात आणि असे काही रुग्ण पूर्ण बरेही होतात.

माझा तिसरा टप्पा, म्हणून केमोथेरपी. तीन आठवड्यांतून एकदा ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, अशा चार फेऱ्या. पूर्वी सगळ्यांना सहा महिने देत. आता तिसऱ्या टप्प्यातल्या कमी धोक्याच्या रुग्णांना हे औषध तीन महिने पुरतं, असं मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. केस गेले नाहीत. पण ऑक्सॅलिप्लॅटिनने थंडीचं वैर होतं. डिसेंबरातला देहरादूनचा नळ. पाण्याला बोट लावलं की विजेचा झटका बसल्यासारखं होई, थंड पाण्याचा घोट घशात काट्यासारखा लागे. लडाखमध्ये दोन हिवाळे काढलेला मी, फ्रिजमधली दुधाची पिशवी काढायला पत्नीला हाक मारत होतो. तिने माझ्यासाठी लोकरीचे हातमोजे स्वयंपाकघरातच टांगून ठेवले होते. हे त्रास डॉक्टरांना सांगायचे असतात, सोसायचे नसतात. बोटांचा बधिरपणा वाढला तर ते औषधाचं प्रमाण कमी करतात. न सांगता सोसलं तर तो कायमचा राहू शकतो. फौजी लोकांनी हे विशेष ऐकावं.

गुदाशयाच्या कॅन्सरचा मार्ग थोडा निराळा. तिथे बहुधा ऑपरेशनच्या आधी रेडिएशन आणि केमोथेरपी देतात. काहींना पोटावर मळाची पिशवी लावावी लागते, कुणाला काही महिने, कुणाला कायमची. या पिशवीच्या भीतीने ऑपरेशन टाळणारी माणसं मला भेटली आहेत. दुसरीकडे, पिशवी लावून रोज सकाळी गोल्फ खेळणारे एक ब्रिगेडियरही मी पाहतो. बरोबरच्या कित्येकांना ते ठाऊकही नाही. ऑपरेशनपूर्वी अशा एखाद्या माणसाशी बोला. भीती निम्मी होते.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा : "माझ्या गाठीची एमएमआर तपासणी झाली का?" काही गाठींमध्ये पेशीतली नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. अशा गाठींवर इम्युनोथेरपी फार चांगली चालते. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने गुदाशयाच्या अशा १२ रुग्णांचे निष्कर्ष जाहीर केले. केवळ या औषधाने बाराही जणांची गाठ नाहीशी झाली. असे रुग्ण थोडे असतात, पण आपण त्यांत आहोत का, ते कळायला तपासणी तर व्हायला हवी.

ही तपासणी घरच्यांसाठीही महत्त्वाची. हा बिघाड आनुवंशिक असेल तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात आणि तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरांत आतड्याबरोबर गर्भाशयाचा कॅन्सरही दिसतो. म्हणून आत्याला, मावशीला काय झालं होतं, तेही विचारा. लिंच नसला तरी आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर आपली कोलोनोस्कोपी ४०व्या वर्षी, किंवा त्यांचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांत जे लवकर येईल तेव्हा करावी. माझा मुलगा पुण्याला असतो. तो चाळिशीत पोचल्यावर त्याची केली. दोन पॉलिप निघाले, तिथल्या तिथे काढले. त्याला म्हटलं, बाबा रे, वारशात घर देणार होतो, त्याआधी हे दिलं.

खर्च आणि ठिकाण

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला कॅन्सर म्हटलं की परळचं टाटा रुग्णालय आठवतं. ते रुग्णालय १९४१पासून अखंड काम करतं आहे आणि त्याची ख्याती खरी आहे. पण प्रत्येकाने मुंबई गाठलीच पाहिजे असं नाही. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली ३००हून अधिक रुग्णालयं आणि संस्था आहेत आणि त्यांच्या उपचारांच्या मार्गदर्शक पद्धती समान आहेत. आपल्या जवळचं केंद्र शोधा. केमोथेरपी महिनोन्महिने चालते, ती घराजवळ झालेली बरी. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस आहे. आयुष्मान भारत योजनेत २०२४पासून ७० वर्षांवरील नागरिकांना उत्पन्नाची अट नाही. कार्ड आजच काढून ठेवा, निदान झाल्यावर रांगेत उभं राहू नका.

चालत राहा

तंबाखू, दारू, वाढलेलं पोट, बसून राहणं आणि प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी वगैरे, यांनी धोका वाढतो. धान्य, डाळी, भाज्यांतल्या चोथ्याने कमी होतो. चोथ्याचं महत्त्व जगाला पटवण्यात डेनिस बर्किट या सर्जनचा मोठा वाटा. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्यात डॉक्टर होते, पुढे युगांडात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की भरपूर चोथा खाणाऱ्या तिथल्या लोकांत हा रोग क्वचितच दिसतो. आपली ज्वारीची भाकरी आणि उसळ त्या हिशेबात चोख बसते.

पण मला सर्वांत आनंद देणारी बातमी २०२५ची. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना व्यायामाची पुस्तिका दिली. निम्म्यांना प्रशिक्षक देऊन तीन वर्षं नियमित व्यायाम करायला लावला, बहुतेकांचा व्यायाम म्हणजे झपझप चालणं. आठ वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के हयात होते, पुस्तिकावाल्यांपैकी सुमारे ८३ टक्के. एखाद्या औषधाने एवढा फरक पडला असता तर त्याची किंमत लाखांत असती. चालायला बूट लागतात. आणि एक गोष्ट बघा. पुस्तिका दोघांकडे होती, फरक पडला तो सोबत कुणी तरी रोज "चला" म्हणायला होतं म्हणून. आमच्या कॉलनीत उपचार संपलेले आम्ही सहाजण रोज पहाटे निघतो. जो येणार नाही त्याच्या दाराची घंटा वाजवली जाते.

शेवटी तीन कामं देतो. आज रात्रीच करायची.

आपला शेवटचा रक्ताचा रिपोर्ट काढा आणि हिमोग्लोबिनचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहा. घसरला असेल तर कारण विचारा.

घरातल्या कुणाला कोणता कॅन्सर कोणत्या वयात झाला, याची यादी करा आणि मुलांना पाठवा.

आणि तिसरं. घरातल्या वडीलधाऱ्यांना, आईला, सासूबाईंना, सरळ शब्दांत विचारा : "रक्त पडतं का? शौचाची सवय बदलली आहे का?" त्या ओशाळतील, "काही नाही रे" म्हणतील. तेव्हा विषय सोडू नका, पुन्हा विचारा. सुभेदार साहेबांना नऊ महिन्यांत हा प्रश्न कुणी सरळ विचारला असता, तर आजच्या भाषणात त्यांची गोष्ट मी वेगळी सांगितली असती.

जय हिंद.